एक चालू, एक खिशात

साउथहॅम्प्टनला मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो त्या काका-काकूंकडे सगळ्या वस्तू दोन-दोन होत्या. किटल्या दोन, छत्र्या दोन, इस्त्र्या दोन, डबे उघडायची यंत्रं दोन. चालू किटलीच्या मागे हुबेहूब तशीच दुसरी किटली उभी असे, आणि पहिल्याच सकाळी मी चुकून ती मागची लावली. काका इतक्या जोरात दचकले की मला वाटलं, मी आंघोळ न करता देव्हाऱ्यात हात घातला.

"ती नाही," ते म्हणाले. "ती राखीव आहे."

"पण चालते ना?"

"चालते म्हणूनच राखीव आहे. चालत नसती तर ठेवली कशाला असती?"

त्यांचं प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे बरोबर असे. सगळी वाक्यं एकत्र केली की मात्र जे तयार होई त्याला शहाण्या माणसांत वेडेपणा म्हणतात.

काका भूलतज्ज्ञ होते. उभी हयात इथल्या हॉस्पिटलात लोकांना झोपवण्यात आणि, ते आवर्जून सांगत, परत उठवण्यात गेली. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. सर्जन कापतो, शिवतो, नाव कमावतो. भूलतज्ज्ञ पेशंटच्या उशाशी, त्याला दिसणार नाही अशा जागी बसतो आणि मनातल्या मनात एकच प्रश्न विचारत राहतो. तो प्रश्न काका निवृत्त होताना ऑपरेशन थिएटरमध्ये ठेवून यायला विसरले. "आणि हे बंद पडलं तर?" बॉयलर बघितला की विचारायचे, माझी सेकंडहँड गाडी बघितली की विचारायचे, टीव्हीवर नवा पंतप्रधान दिसला की त्याच्याकडे बघून विचारायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला पेढा भरवला, पाठीवर थाप मारली आणि त्याच दमात म्हणाले, "आणि हे बंद पडलं तर?"

आतून काकू ओरडल्या, "अहो, तो मुलीबद्दल सांगतोय, बॉयलरबद्दल नाही!"

काकूही डॉक्टर, निवृत्त जीपी, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टर. काका जितके सावध तितक्याच त्या चटपटीत. त्यांच्या चाव्यांच्या जुडग्याला एक पितळी घुंगरू होतं. त्यामुळे काकू घरात शिरल्या की आधी घुंगरू ऐकू येई, मग त्यांचा आवाज, आणि त्याच क्षणी बागेतल्या शेडमागून काका लगबगीने येताना दिसत. तोंडात पेपरमिंट, चेहऱ्यावर गुलाबांची चौकशी करून आल्याचा भाव.

कारण काका सिगारेट ओढत. एकेकाळी सिगारेट ओढणाऱ्या पेशंटला आठवडाभर बंद करून या म्हणून परत पाठवणारा हा माणूस स्वतः मात्र हॉस्पिटलच्या गेटबाहेर, पावसात, छत्रीखाली उभा राहून ओढत असे. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत आहे हे काकांनाही माहीत होतं. पण पेपरमिंट खाण्याचा रिवाज त्यांनी कधी मोडला नाही.

सोडली नव्हती असं नाही. तीनदा सोडली होती, आणि तिन्ही वेळा चारचौघांत, समारंभपूर्वक. पहिल्यांदा मुलगी झाली तेव्हा, दुसऱ्यांदा काकूंच्या पन्नाशीला, तिसऱ्यांदा स्वतःच्या निरोप समारंभात, हातात पुष्पगुच्छ धरून. तिन्ही वेळा त्यांनी काकूंकडे बघत जाहीर केलं होतं, "ही मी हिच्यासाठी सोडतोय." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मग काही आठवड्यांनी शेडमागून धूर निघे आणि काकू त्या आठवड्यात जरा कमी बोलत.

मी तिथे राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात काकूंच्या छातीत संसर्ग झाला. खोकला हटेना. मुलगी मँचेस्टरला राहते, ती येऊन त्यांना विश्रांतीसाठी घेऊन गेली. जाताना काकूंनी चाव्या दाराजवळच्या हुकावर अडकवून ठेवल्या. विसरल्या असतील असं आम्हाला वाटलं. वसंत आला, खोकला गेला, काकू आल्या नाहीत. एका रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली, त्यामुळे तिचं मराठी भलतंच थेट होतं.

"बाबा, आई नाही येत. तुमचा सिगारेट बंद झाला, की मग येतो ती. शी इज सीरियस."

मागून काकूंचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, चाव्या मी विसरले नाहीये."

काकांनी फोन ठेवला आणि हुकाकडे बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "बायकोचं राखीव नसतं रे." ते विनोद करत नव्हते. त्यांच्या दृष्टीने त्या घरातली सुटी, एकुलती एक गोष्ट निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की ते वेपची, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या सिगारेटची, चाचणी घेणार आहेत. सोडणार आहेत असं नाही म्हणाले. चाचणी घेणार आहेत. काकांची चाचणी म्हणजे काय ते मी जाणून होतो. त्यांनी गवत कापायच्या यंत्राची चाचणी घेतली होती तेव्हा गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं.

बसस्टॉपसमोरच्या वेपच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेलो. दुकानदार हातभर टॅटू काढलेला, दाढीवाला, अतिशय गोड स्वभावाचा इंग्रज होता. त्याने पेनाएवढं एक उपकरण पुढे केलं. नवशिक्यांना हेच बरं पडतं म्हणाला.

काकांनी ते उलटसुलट करून बघितलं. "अँड इफ इट स्टॉप्स?"

"चार्ज करायचं, मेट."

"आणि चार्ज होईपर्यंत?"

"थांबायचं."

काकांनी ते पेन असं खाली ठेवलं की जणू त्या माणसाने त्यांना एकच सिलिंडर घेऊन ऑपरेशन करायला सांगितलं होतं. दुकानदार अनुभवी असावा. त्याने काउंटरखालून दुसरं एक यंत्र काढलं. लहानशा विटेएवढं, काळं, समोर छोटा पडदा, वर काचेची टाकी. आणि पाठीचं झाकण उघडलं तर आत शेजारी शेजारी दोन बॅटऱ्या.

काकांचा चेहरा उजळला. "दोन!"

"दोन," दुकानदार म्हणाला.

"म्हणजे एक चालू आणि एक राखीव."

"नाही, नाही. दोन्ही मिळून चालतात. एक बंद पडली तर यंत्रच बंद. जोडी फोडायची नाही. एकत्र घ्यायच्या, एकत्र चार्ज करायच्या."

पेशंटचे नातेवाईक नेटवर वाचलेलं सांगतात तेव्हा ज्या सहनशीलतेने ऐकायचं असतं, त्याच सहनशीलतेने काकांनी हे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठीक आहे. तर मग मला आणखी एक जोडी द्या. ती राखीव." दुकानदाराने दुसरी जोडी दिली, वर प्लास्टिकची एक चपटी डबी फुकट दिली, आणि बोट वर करून बजावलं की सुटी बॅटरी खिशात कधीही टाकायची नाही. किल्ली लागली, नाणं लागलं, की तापते, पेटते. डबीतच ठेवायची.

दुकानाबाहेर येताच काकांनी बॅटऱ्या जॅकेटच्या उजव्या खिशात टाकल्या आणि रिकामी डबी मला दिली.

"काका, तो काय म्हणाला?"

"तो दुकानदार आहे. मी भूलतज्ज्ञ आहे," काका म्हणाले. "थिएटरमध्ये जी वस्तू पाकीट फोडून, डबी उघडून काढावी लागते, ती नसल्यासारखीच असते. पेशंट निळा पडत असताना डबीची खिटी शोधत बसायची? राखीव वस्तू हाताला लागली पाहिजे. किल्ल्या, नाणी डाव्या खिशात. उजव्या खिशात दुसरं काही कधीच नसतं."

हे खरं होतं. त्यांचा उजवा खिसा आयुष्यभर राखीव वस्तूंसाठी राखीव होता. त्या खिशात एकेकाळी राखीव टॉर्च असे, मग राखीव चष्मा आला, आता बॅटऱ्या आल्या. डबीत मी कानातले इअरफोन ठेवू लागलो.

चाचणीचा पहिला टप्पा असा होता की वेपला हातच लावायचा नाही. "आधी शरीर कोरं पाहिजे," काका म्हणाले. "सिगारेटचा अंश रक्तात असताना उपकरणाचं मूल्यमापन केलं तर निष्कर्षाला काय अर्थ?" त्यामुळे शास्त्राच्या शुद्धतेसाठी त्यांनी सिगारेट बंद केली. पाकिटं दोन होती, एक चालू आणि एक राखीव. दोन्ही त्यांनी नळाखाली धरून कचऱ्यात टाकली. मी मनात म्हटलं, बघू.

ते दिवस मी विसरलेलो नाही. काका घरभर फिरत. शेंगदाणे खात. त्यांनी माझ्या माळ्यावरच्या खोलीत, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना, येऊन व्हॅक्यूम केलं. शेजाऱ्यांच्या मांजराशी त्यांचं भांडण झालं. पोस्टमन उशिरा आला म्हणून त्याला त्यांनी जबाबदारी या विषयावर बोलून आणखी उशीर केला. एकदा मी घरी आलो तर ते दाराजवळ उभे राहून हुकावरच्या घुंगराला बोटाने हळूच टिचकी मारत होते. मला बघून म्हणाले, "धूळ बसते."

मग एकदाचं यंत्र सुरू झालं. रोज सकाळी नाश्त्याला मला निष्कर्ष ऐकवले जात. लिहून ते काहीच ठेवत नसत. जे लिहावं लागतं ते नीट बघितलेलं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

"वजन," काका टोस्टला लोणी लावत सांगत. "शर्टाच्या खिशात ठेवलं की शर्ट एका बाजूला ओढला जातो. माणूस तिरका दिसतो. पँटच्या खिशात ठेवलं तर बसमध्ये शेजारची बाई संशयाने बघते."

"मग अयोग्य?"

"घाई करू नकोस. बटण. बटण खिशात आपोआप दाबलं जातं. पाचदा दाबलं की कुलूप लागतं, ही सोय चांगली. पण मोजताना माझं चुकतं, मग मी ते उघडतोय की लावतोय ते मला कळत नाही."

टाकीवर त्यांचा विशेष राग होता. या देशाच्या कायद्याने टाकी एवढीशीच ठेवावी लागते, दोन घोटांत संपते. आणि बॅटऱ्या बघाव्यात तर दिवसभर पुरून उरणाऱ्या. "आचमनाच्या पळीला दोन पाणबुडे पंप लावलेत," असं ते म्हणत. शिवाय धूर. तो धूर नव्हे, वाफ, हे ते मला दर वेळी सांगत. पण एका संध्याकाळी शेडमागून इतकी वाफ निघाली की पलीकडच्या शेजारीणबाईंनी कुंपणावरून डोकं काढून शेड पेटली आहे का असं विचारलं. वास आंब्याचा होता. त्या वासाला गांधीलमाश्या येत. काका एका हातात यंत्र आणि दुसऱ्या हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र घेऊन चाचणी घेत.

उन्हाळा सरत आला तरी चाचणी चालूच. बसमध्ये नेऊन झालं, बागेत झालं, पावसात झालं, हातमोजे घालून झालं. दैनंदिन वापर म्हणजे रोजचा वापर, आणि रोज म्हणजे वर्षातला प्रत्येक दिवस, असं त्यांचं म्हणणं.

"काका, निकाल काय?" मी वैतागून विचारलं.

"अजून थंडी बघितली नाही."

मला खात्रीच पटली की हे सगळं पळवाटेचं शास्त्र आहे. सिगारेट गेली, वीट आली, आणि आता ती वीट कायमची चाचणीत राहणार. तिकडे मँचेस्टरला मुलीने आईला सांगितलं असावं की बाबा आता वेप करतात. कारण पुढच्या रविवारी काकू स्वतः फोनवर आल्या.

"चूल सोडून गॅस घेतला म्हणजे स्वयंपाक बंद झाला का?" त्यांनी विचारलं.

काका म्हणाले, "चाचणी पूर्ण होऊ दे."

"होऊ द्या," काकू म्हणाल्या. "मी बरी आहे इथे. नातवाला मराठी शिकवतेय. तोही तुमच्यासारखाच, एक शब्द दोनदा विचारतो." आणि त्यांनी फोन ठेवला. मला काकांचा राग आला. एवढी सोपी गोष्ट, आणि हा माणूस थंडीची वाट बघत बसलाय!

सप्टेंबरात आमच्या मराठी मंडळाचा आरोग्य दिन असतो. चर्चचा हॉल भाड्याने घ्यायचा, ज्येष्ठांचं ब्लडप्रेशर मोजायचं, एक भाषण ऐकायचं आणि मग मोजलेलं ब्लडप्रेशर बटाटेवडे खाऊन वाढवायचं. हा दिवस सुरू केला काकूंनी आणि भाषण नेहमी काकांचं. त्या वर्षी काकूंनी मँचेस्टरहूनच ईमेलवर सगळी व्यवस्था केली आणि भाषणाचा विषयही स्वतःच ठरवून कळवला. 'धूम्रपान आणि भूल.' ईमेल मंडळाच्या सगळ्या सभासदांना गेला होता. काकांनी तो वाचला आणि एवढंच म्हणाले, "विषय माझ्या अभ्यासाचा आहे."

काकू आदल्या दिवशी ट्रेनने आल्या आणि मैत्रिणीकडे उतरल्या. हॉल मैत्रिणीच्या घरापासून जवळ पडतो, असं कारण. आमच्या घरापासून हॉल पायी अंतरावर आहे, आणि हे मंडळातल्या प्रत्येकाला माहीत होतं. इथल्या मराठी लोकांत एखादी बातमी पसरवायची असेल तर ती कोणालाही न सांगणं पुरेसं असतं.

सकाळी निघताना काकांनी ठेवणीतलं जॅकेट घातलं. यंत्र घरीच ठेवलं. व्यासपीठावर ते बरं दिसणार नाही म्हणाले. राखीव बॅटऱ्या मात्र सवयीने उजव्या खिशात गेल्या. मी बूट घालत होतो. मागे घुंगरू वाजलं म्हणून वळून बघितलं, तर हुक रिकामा होता आणि काका जॅकेटची बटणं लावत होते. डावा खिसा त्यांच्या स्वतःच्या किल्ल्या, पाकीट आणि पेपरमिंट यांनी भरलेला होता. मला वाटलं, धीर करून देणार असतील आज. बॅटऱ्यांचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

भाषण उत्तम चाललं होतं. काका बोलायला उभे राहिले की वेगळेच होत. शांत, नेमके, मधूनच खोडकर. काकू पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. ऑपरेशनच्या आधी सिगारेट का बंद करायची, फुप्फुसं किती दिवसांनी सावरू लागतात, हे त्यांनी सांगितलं. मग हातवारे करायचे म्हणून दोन्ही हात जॅकेटच्या खिशांवर आपटले, आणि म्हणाले, "सिगारेट विझली तरी धूर शरीरात राहतो. आपल्याला वाटतं कोणाला दिसत नाही."

त्यांच्या उजव्या खिशातून धूर येत होता.

आधी लोकांना तो भाषणाचाच भाग वाटला. एकजण तर हसला. मग फस्स असा आवाज झाला, खिशातून एक जाड, करडा लोट निघाला आणि मागून कोणीतरी किंचाळलं, "डॉक्टर, खिसा!"

पुढचं एक मिनिट मी काकांना प्रथमच त्यांच्या कामावर बघितलं. घाई नाही, आरडाओरडा नाही. जॅकेट अंगातून निघालं होतं, हाताच्या अंतरावर धरलेलं होतं, आणि काका त्यांच्या थिएटरच्या आवाजात सांगत होते, "सगळ्यांनी डावीकडच्या दाराने बाहेर. काठीवाले आधी. खुर्च्या आहेत तिथेच राहू द्या." सगळे गेले. स्वतः बाजूच्या दाराने निघून त्यांनी जॅकेट कार पार्कच्या मध्यावर, डांबरावर, कुठल्याही गाडीपासून दूर नेऊन ठेवलं आणि त्याच्या कडेला पहाऱ्याला उभे राहिले. तेवढ्यात हॉलचा अलार्म कोकलू लागला. चर्चच्या केअरटेकर बाई पिवळं जॅकेट चढवून आल्या आणि आम्हा सगळ्यांना कुंपणालगतच्या असेंब्ली पॉइंटच्या पाटीखाली उभं केलं. आणीबाणीतही वड्यांचं ताट कोणी आत विसरलं नव्हतं.

पाटीखाली उभे राहून लोक वडे खात होते आणि आपापला निष्कर्ष काढत होते. पेटती सिगारेट खिशात टाकली असणार. भाषणाच्या आधी मागच्या दाराने जाऊन ओढली असणार. या वयात! आणि विषय कोणता! चाळीस वर्षं या माणसाने धूर आडोशाला ठेवला होता, आणि आता दिसला तो भर सभेत, माईकसमोर.

जॅकेट शांत झालं तसे काका आमच्याकडे आले. शर्टावर, वाऱ्यात, एकाएकी म्हातारे दिसत होते. काकू दोन पावलं पुढे झाल्या. मी शेजारीच होतो. हलावं तर सगळ्यांच्या लक्षात येणार, म्हणून तिथेच राहिलो.

"निदान भाषणापुरती तरी विझवून यायची," काकू म्हणाल्या.

"सिगारेट नव्हती. बॅटरी होती."

"तेच ते. त्या वेपचीच ना?"

"हो. पण त्यात निकोटीन नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे अगदी पहिल्यापासून नाही. चाचणीत आधी बिननिकोटीनचं वापरून बघायचं असतं, तुलनेसाठी. मग पुढच्या टप्प्यात निकोटीनचं. मी पुढच्या टप्प्यात गेलोच नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "याला विचार. पाकिटं नळाखाली धरली तेव्हा हा होता."

मी मान डोलावली. आंब्याच्या वाफेचे ते ढग, त्या गांधीलमाश्या, ती थंडीची वाट बघणं. आत काहीच नव्हतं. हा माणूस वसंतापासून नुसतं सुगंधी पाणी उकळत होता, आणि मी रोज नाश्त्याला बसून त्याला मनात शिव्या घालत होतो.

काकूंना आनंद होईल असं मला वाटलं. त्यांचा चेहरा मात्र उतरला.

"म्हणजे माझ्यासाठी सुटली नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि एका यंत्रासाठी सुटली? सांगितलं का नाहीत? मी तिथे बसून दिवस काढतेय."

काका पायाखालच्या डांबराकडे बघत राहिले.

"तुझ्या नावाने तीनदा सोडली," ते म्हणाले. "तिन्ही वेळा लोकांसमोर तुझं नाव घेतलं आणि तिन्ही वेळा ते वाया घालवलं. या वेळी म्हटलं, फसला तर प्रयोग फसू दे. तुझं नाव नको यात."

मागे केअरटेकर बाईंनी अलार्म बंद केला आणि एकदम सगळं फार शांत झालं. मंडळाच्या खजिनदारांनी तोंडाकडे नेलेला वडा तसाच धरला होता.

"आणि हे बंद पडलं तर?" काकूंनी विचारलं. "हे सोडणं. चौथ्यांदा?"

प्रश्न काकांचाच होता, पण आयुष्यात पहिल्यांदा तो त्यांना कोणी विचारत होतं. काकांचा उजवा हात सवयीने खिशाकडे गेला. तिथे खिसा नव्हता, जॅकेटच नव्हतं. हात शर्टाच्या कडेला चाचपडला आणि खाली आला.

"या वेळी राखीव काही ठेवलेलं नाही," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, मग लांब पडलेल्या त्या जॅकेटकडे. "किल्ली-नाणं लागल्याशिवाय बॅटरी अशी पेटत नाही. तुमच्या किल्ल्या तर डाव्या खिशात असतात."

"माझ्या डावीकडेच आहेत," काका म्हणाले.

काकूंनी क्षणभर विचार केला. मग त्या तरातरा जॅकेटकडे निघाल्या. "अगं, थांब, हात लावू नकोस," म्हणत काका मागे धावले. त्यांनी आधी वाकून बघितलं, आवाज येत नाही याची खात्री केली, काडीने बॅटऱ्या दूर ढकलल्या आणि जळक्या अस्तरातून रुमालाने जुडगा उचलला. किल्ल्या काळ्या पडल्या होत्या. घुंगरू काळं पडलं होतं. पण रुमालात ते वाजलं, आणि काकूंनी हात पुढे केला.

"गरम आहेत अजून," काका म्हणाले.

"असू देत," काकू म्हणाल्या. त्यांनी किल्ल्या पर्समध्ये टाकल्या नाहीत. मुठीत धरल्या, आणि मैत्रिणीला तिथूनच हाक मारून सांगितलं, माझी बॅग संध्याकाळी कोणाबरोबर तरी घरी पाठवून दे.